रजेचं कारण

रविवारी दुपारी खुर्चीत पेंगत होते. पायाला ऊन लागलं म्हणून डोळे उघडले, तर उन्हाचा चौकोन थेट कपाटाच्या पायापर्यंत आलेला. म्हणजे डिसेंबर अर्धा सरला. मे-जूनमध्ये हेच ऊन खिडकीत पाऊल टाकत नाही. थंडीत मात्र सूर्य खाली उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून पार आतवर येऊन बसतो.

लहानपणी मी या चौकोनाची आतली कड खडूने आखायचे. रोज बाराच्या ठोक्याला. फरशी पुसली की रेघ गायब. म्हणून एकदा खिळ्याने ओरखडा काढला. त्यावर जे व्हायचं ते झालं. आजी त्याच उन्हात बसायची आणि ऊन सरकेल तशी तीही सरकायची. नोव्हेंबरात रेघ दिवसाला बोटभर आत यायची, डिसेंबरात मंदावायची आणि २०-२२ तारखेला तर हलायचं नावच घ्यायची नाही. सूर्य अडकला, असं मी घाबऱ्याघुबऱ्या आजीला सांगितलं.

"टेकला असेल जरा," ती म्हणाली. "आपण नाही टेकत?"

पुढे कधीतरी वाचलं, की लॅटिनमध्ये या दिवसाला जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी 'सूर्य थांबणं' असा आहे. आजीला लॅटिन येत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी रेघ किंचित मागे हटली. मी कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल काढून सुट्टी जाहीर केली. शाळेत जावं लागलंच.

तेव्हापासून माझं हे एक खूळ आहे. सण आला की मी आधी खिडकीबाहेर बघते, निसर्गाला याची खबर आहे का म्हणून. १ जानेवारीवर तर माझा जुना राग आहे. त्या मध्यरात्री बाहेर काय बदलतं? अगदी काहीच नाही असंही नाही म्हणा. त्या सुमाराला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. पण ते कुणाच्या अंगाला लागतं? त्यापेक्षा इराणचा नवरोज बघा. दिवस-रात्र सारखे होण्याचा वसंतातला जो क्षण, त्याच क्षणी वर्ष बदलतं. मग तो पहाटे येवो की भर दुपारी, माणसं त्याची वाट बघत बसतात.

वर्षाच्या हिशेबात थोडी जरी चूक राहिली, तरी सण ऋतूच्या हातातून निसटतो. युरोपात ईस्टर वसंतापासून ढळू लागला, तेव्हा १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवसच गाळून टाकले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. मधल्या दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते त्यांचं काय झालं, हा प्रश्न मला अजून छळतो. आपली मकरसंक्रांतही अशीच सरकत आली आहे, साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. सूर्य वळतो २१-२२ डिसेंबरला, संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. म्हणजे वऱ्हाड दारात आणि नवरदेव तीन आठवड्यांपूर्वीच येऊन गेलेला.

हे सगळं तावातावाने बोलताना रमजान आठवला की माझा आवाज थोडा खाली येतो. चंद्राचं वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. उन्हाळ्यातला लांबलचक उपास कुण्या एकाच पिढीच्या वाट्याला येत नाही आणि थंडीतला आखूडही. ऋतूला न बांधण्यातही एक न्याय असतो, हे माझ्या खिळ्याच्या रेघेत बसत नाही. आणि विषुववृत्ताच्या पलीकडे तर २१ डिसेंबरला सूर्य ऐन माथ्याजवळ, उन्हाळा सुरू. तिथली एखादी पोर माझ्यासारखी खडू घेऊन बसली असेल, तर तिची रेघ त्या दिवशी खिडकीबाहेर.

असो. या वर्षी २२ तारखेची रजा टाकायची, असं मी खुर्चीतल्या खुर्चीत ठरवलं. संध्याकाळी अर्ज उघडला. त्यात 'कारण' असा एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बराच वेळ विचार केला.

'घरगुती काम' लिहिलंय.