तिचा थर्मामीटर बरोबर होता

जॉबकार्डावरची ओळ माझ्याच हातची आहे : ‘ग्राहकाचा थर्मामीटर सदोष. ग्रिल ठीक.’ ती लिहिली तेव्हा मी ते ग्रिल डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

डेन्व्हरमध्ये मी खानावळींचे ओव्हन, भट्ट्या आणि पेलेट ग्रिल दुरुस्त करतो. पेलेट ग्रिलमध्ये लाकडी भुसा दाबून केलेल्या कांड्या जळतात. मळसूत्रासारखा ऑगर त्या थोड्याथोड्या पुढे ढकलतो, पंखा वारा देतो. किती ढकलायच्या हे कंट्रोलर ठरवतो, आणि तो फक्त आतल्या भिंतीवरच्या बोटभर सेन्सरचं ऐकतो. म्हणून सेन्सर जास्त दाखवायला लागला की ग्रिल उलट थंड पडतं.

बाई ह्यूस्टनहून इथे आलेल्या, लहानसं दुकान, धुरावरचं मांस विकतात. तक्रार अशी की 225 फॅरनहाइट लावलं तरी ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, बारा तासांऐवजी सतरा तास घेतं. माझ्या सहकाऱ्याने आधी सेन्सर बदलला, मग कंट्रोलर. तरी तेच. बाई म्हणाल्या, जाळीवर माझा थर्मामीटर 207 दाखवतो. यानं विचारलं, तो उकळत्या पाण्यात तपासलात का? तपासला, 202 दाखवतो. ह्यूस्टनमध्ये चोख 212 दाखवायचा. झालं, निकाल लागला. पुढचा फोन मी घेतला, नवीन थर्मामीटर घ्या म्हणालो आणि ती ओळ लिहिली.

त्यांनी एक नाही, दोन घेतले. दोन्ही 202.

हे ऐकलं आणि मी गाडी काढली. तीन वेगवेगळे थर्मामीटर एकाच आकड्यावर बिघडत नाहीत. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला, तिथे पाणी 100 सेल्सिअसला, म्हणजे 212 फॅरनहाइटला उकळतं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंच आहे, इथे पाणी साधारण 95 सेल्सिअसलाच उकळतं. म्हणजेच 202-203 फॅरनहाइट. महाबळेश्वरच्या उंचीवर डाळ शिजायला वेळ का लागतो हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. भोसरीत अकरा वर्षं मी कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणाऱ्या उपकरणांचीच तपासणी, केलंय. आणि फोनवर मला हे सुचलं नाही.

गेल्यावर पहिलं काम बर्फाचं. बर्फाचा चुरा गच्च भरायचा, पाणी फक्त फटी भरतील इतकंच, ढवळत राहायचं, टोक तळाला टेकू द्यायचं नाही. नुसत्या पाण्यात चार खडे टाकून ‘शून्य’ म्हणणारे लोक मी या धंद्यात रोज पाहतो. उंची कितीही असो, वितळत्या बर्फाचं शून्य फारसं हलत नाही. बाईंचा जुना थर्मामीटर : 32 फॅरनहाइट, म्हणजेच शून्य सेल्सिअस. अगदी चोख.

मग सेन्सर. हा पीटी-100, तापमान वाढलं की याचा विद्युतरोध वाढतो : शून्य सेल्सिअसला 100 ओहम, पुढे दर अंशाला साधारण 0.385. ग्रिल रात्रभर बंद होतं, आतबाहेर 24 सेल्सिअस. मल्टिमीटरच्या वायरी आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा केला. हे न करता घेतलेलं वाचन मी मानत नाही. सेन्सरच्या टोकाशी 109.3. नवाकोरा, निर्दोष. तीच मोजणी कंट्रोलरच्या टोकाशी : 113.1.

मधले 3.8 ओहम कुठून आले? कनेक्टरमधून. सेन्सर नवा, कंट्रोलर नवा, पण मधली वायर आणि जोड जुनेच. धूर, चरबी आणि बर्फाचं पाणी पिऊन पिना हिरव्या पडल्या होत्या. 3.8 ओहम म्हणजे जवळजवळ 10 सेल्सिअस, 18 फॅरनहाइट. कंट्रोलर 225 समजत होता तेव्हा आत 207 होतं. बाईंनी सांगितलेला आकडा तोच.

इथे मला बनवणाऱ्यांचाही राग येतो. दोनच वायरींवर पीटी-100 लावायचा, तोही धुरात! तिसरी वायर दिली असती तर वायरीचा रोध वजा करता आला असता. शून्याला 1,000 ओहमचा पीटी-1000 असता तर याच हिरव्या पिनेने जेमतेम 1 अंशाची चूक झाली असती.

कनेक्टर कापून टाकला, वायर नवी घातली, जोड डाग देऊन बंद केला. जाळीवर डावीकडे, मध्ये, उजवीकडे तीन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लावले. झाकण न उघडता चाळीस मिनिटं थांबलो, मग तासभर कमाल-किमान लिहीत बसलो. ऑगर थांबतो-चालतो तसं तापमान वरखाली होतच, एका नजरेचा आकडा निरुपयोगी. मध्ये 218 ते 232. झाकणावरची तबकडी तेव्हा 245 दाखवत होती. तिच्याकडे बघूच नका असं सांगितलं.

बाई काही बोलल्या नाहीत. जुना थर्मामीटर पुसून एप्रनच्या खिशात ठेवला. मग म्हणाल्या, ‘‘मी हात घालून सांगत होते की आत थंड आहे. तुम्ही दोघांनी मला हाताचंही खोटं पाडायला लावलंत.’’

बंद झालेलं कार्ड आमच्या प्रणालीत दुरुस्त करता येत नाही. नवीन कार्ड उघडून खरं कारण लिहिलं. रात्री वर्षभराची कार्डं चाळली. ‘थर्मामीटर सदोष’ अशी आणखी चार सापडली, त्यातली दोन माझी. उद्या सकाळी चौघांनाही फोन करून पहिला प्रश्न विचारणार आहे : उकळत्या पाण्यात किती दाखवत होता?