तुम्ही विचारलंत म्हणून: लॉगमध्ये रिसेट दिसला, डिस्क गेली का?

हा प्रश्न मला सारखा येतो. डिस्क आयस्कझीवरून म्हणजे नेटवर्कवरून घेतलेली असते, सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘पॉवर-ऑन ऑर डिव्हाइस रिसेट ऑकर्ड’ अशी ओळ येते आणि लगेच फोन, आता डिस्क बदलायची का? बहुतेक वेळा माझं उत्तर एकच, डिस्कला हात लावू नका, आधी रिसेट कुणी पाठवला ते शोधा.

कारण ज्या सर्व्हरवर ही ओळ दिसते त्यानेच रिसेट दिलाय असं नसतं. एकच लन (स्टोरेजने नेटवर्कवरून दिलेली डिस्क) दोन-तीन सर्व्हर वापरत असतील आणि एकाने लन रिसेट मारला तर सगळ्यांच्याच चालू कमांड रद्द होतात, बाकीच्यांना पुढच्या कमांडला युनिट अटेन्शन, म्हणजे ‘डिस्कच्या बाजूला काहीतरी बदललंय’ अशी सूचना मिळते, कोड २९, त्याचीच ही ओळ. म्हणून सगळ्या सर्व्हरचे लॉग शेजारी शेजारी उघडून वेळा जुळवा. घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) नसतील तर ते काम आधी करा, त्याशिवाय काहीच कळणार नाही.

रिसेट मारणारा सापडला की त्याच्या लॉगमध्ये अर्धा-पाऊण मिनिट मागे जा. लिनक्सवर डिस्कच्या कमांडला डिफॉल्ट ३० सेकंद मिळतात, तेवढ्यात उत्तर आलं नाही की अबॉर्ट, म्हणजे ती कमांड रद्द करा असा निरोप, जातो, त्याची १५ सेकंद वाट बघतात, मग लन रिसेट, त्याला आणखी ३०, मग टार्गेट (डिस्क देणारा स्टोरेज) रिसेट, मग सेशन म्हणजे त्याच्याशी असलेली जोडणी तोडून परत लॉगिन आणि तेही जमलं नाही की डिस्क ऑफलाइन. म्हणजे रिसेट दिसतो तेव्हा खरी गडबड होऊन गेलेली असते. डिस्कच खराब असेल तर बहुतेकदा मीडियम एरर (डिस्कवरचा डेटा वाचता-लिहिता न आल्याची चूक) वेगळी दिसते.

माझा पहिला संशय जंबो फ्रेमवर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या नेटवर्क पॅकेटवर, असतो. दोन्ही टोकांना ९००० एमटीयू (एका पॅकेटची कमाल मर्यादा, बाइटमध्ये) आणि मधल्या एका स्विचवर १५०० राहिलेला, मग लॉगिन होतं, डिस्कही दिसते, आणि मोठं रीड-राइट सुरू केलं की सगळं लटकतं. फ्रॅगमेंट न करता, म्हणजे तुकडे न पाडता, ८९७२ बाइटचा पिंग मारून बघा, तो गेला नाही तर तिथेच उत्तर मिळालं.

‘टाइमआउट वाढवून टाका’ हा सल्ला मला पटत नाही, त्याने ओळ दिसायची थांबते, अडकणं तसंच राहतं. उलट मल्टिपाथ, म्हणजे डिस्ककडे जायला एकाहून जास्त रस्ते, असेल तर रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं सेशन परत जुळायची वाट बघण्याचा वेळ) कमी करा, डिफॉल्ट १२० सेकंद आहे, तेवढा वेळ दुसरा रस्ता चांगला असूनही आयओ (रीड-राइट) पहिल्यावरच ताटकळतं, मी ५ ते १५ ठेवते.

आणि क्लस्टरवाल्यांनो (एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर चालवणाऱ्यांनो), शेअर्ड लनवर हाताने एसजी-रिसेट (रिसेट पाठवायची लिनक्सची कमांड) मारून बघू नका. पर्सिस्टंट रिझर्व्हेशन, म्हणजे डिस्कवर कुणी लिहायचं याचं राखीव कुलूप, लन रिसेटनंतर टिकतं, पण जुन्या पद्धतीचं रिझर्व्ह-रिलीज त्याच क्षणी पुसलं जातं, आणि मग दोन नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) एकदमच त्या डिस्कवर लिहू शकतात.