एकच आवाज, दोन निदाने

गेल्या आठवड्यात माझ्या गॅरेजमध्ये एका हौशी मेकॅनिकच्या गाडीचे डिझेल इंजिन उघडले आणि वरचे कव्हर बाजूला होताच १६ पैकी ५ रॉकर (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा दाबून उघडणारे छोटे दांडे) तुटलेले दिसले. त्यातला एक उचलून तळहातावर घेतला. तो मध्यावर मोडला होता आणि मोडलेल्या जागी धातूचा ताजा, करडा, दाणेदार पोत दिसत होता. टायमिंग चेनने, म्हणजे झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीने, दात सोडले होते. मालक शेजारीच उभे होते. त्यांचे पहिले वाक्य होते, "आमच्या कंपनीच्या इंजिनाला असं कधी होत नाही."

हे गृहस्थ अडाणी नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. ब्रेक, इंजेक्टर, क्लच ही कामे ते सुट्टीच्या दिवशी स्वतः करतात, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळतात आणि वहीत नोंद ठेवतात. आमच्या धंद्यातले बरेच जण हौशी लोकांची टिंगल करतात, ती मला मान्य नाही. एका बोल्टसाठी अर्धा तास देण्याची जी चिकाटी त्यांच्यात आहे, ती आमच्यातल्या अनेकांनी केव्हाच सोडून दिली आहे.

तीन महिन्यांपूर्वी हेच गृहस्थ मित्राची, दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन आले होते. सकाळी थंड इंजिन सुरू होताच चेनच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखडाट झाला आणि थांबला. त्यांनी क्षणात सांगितले, "चेन सैल झाली आहे. या कंपनीची इंजिनं अशीच असतात." निदान अचूक होते, मी चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि तिला मार्गावर ठेवणारे गाइड बदलले. त्याच दिवशी निघताना त्यांनी स्वतःच्या गाडीला सेल्फ मारला, तेव्हा अगदी तोच खडखडाट मला ऐकू आला. ते म्हणाले, "डिझेल आहे, थंडपणी एवढा आवाज करणारच." मी गप्प राहिलो.

ही दोन्ही इंजिने मुळात एकच होती. फियाटचे १.३ लिटरचे, १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन २००३ मध्ये आले आणि पुढे फियाटबरोबरच ओपेल, सुझुकी, टाटा आणि फोर्ड यांच्याही गाड्यांत बसले. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८२ मिलिमीटर, ही मापे बॉनेटवरचे चिन्ह बदलल्याने बदलत नाहीत. टर्बो, ट्यूनिंग, बाहेरचे पाइप यांत फरक असतो, त्यामुळे चालवताना दोन गाड्या वेगळ्या वाटतात हे खरे. पण चेन, टेन्शनर आणि रॉकर यांची रचना तीच. २०१९ च्या टोयोटा सुप्रात बीएमडब्ल्यूचे इंजिन आले तेव्हा किती निष्ठावंत दुखावले होते, ते मला आठवते. तिथे निदान सगळ्यांना ठाऊक तरी होते. इथे प्लॅस्टिकच्या एका कव्हराने सारे झाकून टाकले होते.

चेनही काही एका दिवसात लांबत नाही. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, ती चेनच्या प्रत्येक पिनेवर बारीक पॉलिश पेपरसारखी घासते, आणि प्रत्येक कडीत किंचित वाढणारी फट मिळून संपूर्ण चेन सैल होते. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन सुरू होताना तो दाब नसतो, म्हणून नेमके पहिले दोन-तीन सेकंदच आवाज येतो. या इंजिनात ऑइल मावते जेमतेम ३ लिटरच्या आसपास, त्यामुळे ते लवकर काळवंडते आणि बदलायला उशीर चालत नाही. गृहस्थांच्या वहीत मात्र ऑइलच्या दोन बदल्या राहून गेल्याचे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. आपल्या कंपनीचे इंजिन तेवढे सहन करते, असा त्यांचा विश्वास होता. इंजिनाचा यात काही दोष नव्हता.

मित्राच्या गाडीतून काढलेली चेन माझ्या फळीवर अजून पडून होती. मी ती, त्यांची चेन आणि एक नवी चेन अशा तिन्ही शेजारी शेजारी खिळ्यांना टांगल्या. दोन्ही जुन्या चेन नवीपेक्षा स्पष्ट खाली लोंबत होत्या आणि त्या दोन्हींत डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. त्यांनी बराच वेळ पाहिले, बोटाने कड्या चाचपल्या आणि विचारले, "यातली माझी कुठली?" मी दाखवली. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या दिवशी माझ्या गाडीचा आवाज तुम्हाला ऐकू आला होता का?"

मी हो म्हणालो. त्या वेळी का बोललो नाही, हे त्यांनी विचारले नाही. पण खरे कारण मला माहीत आहे: त्यांच्या कंपनीविरुद्ध शब्द काढला की तासभर वाद होतो, आणि त्या दिवशी माझ्यासमोर आणखी दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या. व्हॉल्व्ह वाकलेले नाहीत, हे पुन्हा पुन्हा तपासले. पिस्टन व्हॉल्व्हला धडकताच रॉकर आधी तुटले म्हणून हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) वाचले, हे मी त्यांना सांगितले आहे. इंजिन आता बांधून झाले आहे. उद्या सकाळी पहिला थंड सेल्फ त्यांनीच मारायचा, असे ठरले आहे, आणि मी काही बोलण्याआधी त्यांना काय ऐकू आले, ते त्यांनाच विचारणार आहे.