दीड हजार गावं आणि एक ड्रॉपडाउन

साताऱ्यातल्या एका पतसंस्थेचा सभासद नोंदणीचा फॉर्म माझ्याकडे आहे. त्यात आधी तालुका निवडायचा, मग गाव. अकरा तालुके, म्हणजे पहिली यादी सोपी. पण जिल्ह्यात गावं दीड हजाराच्या वर, आणि समोर बसलेला माणूस तालुका विचारला की मुख्यालय सांगतो. खटावचा माणूस 'वडूज' म्हणतो, माणचा 'दहिवडी'. मग काउंटरवर आधी तालुक्याचाच शोध सुरू. म्हणून ठरवलं की तालुका विचारायचाच नाही. थेट गाव शोधायचं आणि तालुका गावाच्या नावापुढे दाखवायचा. 'वडगाव' टाकलं की वडगाव हवेली, कराड आणि वडगाव जयराम स्वामी, खटाव असे दोन्ही समोर यायला हवेत.

साइट जुनी, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालणारी, त्यामुळे ड्रॉपडाउनला शोधाची चौकट देणारं सिलेक्ट-टू घेतलं. जेक्वेरी नसती तर टॉम सिलेक्ट घेतलं असतं, त्याला जेक्वेरी लागत नाही. जोडणं एका ओळीचं काम. त्यानंतरचे धक्के मात्र सगळ्यांनाच बसतात, ते पटकन सांगून टाकतो. फॉर्म बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये, म्हणजे पानावर उघडणाऱ्या खिडकीत असेल तर शोधाच्या चौकटीत कर्सरच जात नाही, कारण यादी पानाच्या मुळाशी जोडली जाते आणि मोडल फोकस आपल्याकडे ओढून घेतो. 'ड्रॉपडाउनपॅरेंट' या सेटिंगमध्ये मोडल दिला की प्रश्न मिटतो. लपवलेल्या टॅबमधला ड्रॉपडाउन उघडल्यावर आक्रसलेला दिसतो, तिथं रुंदी शंभर टक्के लिहून द्यायची. आणि बदल झाल्याची खबर जेक्वेरीच्या मार्गाने येते. ब्राउझरच्या साध्या 'ॲडइव्हेंटलिसनर'ने ऐकत बसलात तर काहीच ऐकू येत नाही.

एवढं झाल्यावर काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. "दादा, कराड घातलं की येतंय, कऱ्हाड घातलं की गावच नाही म्हणतंय."

गंमत अशी की यादीत 'कऱ्हाड' होतंच, आणि डोळ्यांनी बघितलं तर अक्षर न् अक्षर तेच. पण यादी तीन हातांनी टाइप केलेली, आणि त्यातला काही भाग जुन्या श्रीलिपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला. या नावातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत नुक्ता असलेला वेगळा ऱ असतो. दुसरीत साधा र, हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. शिवाय घाईत कोणी सरळ रफार देऊन 'कर्हाड' लिहितो, ते तिसरं. पडद्यावर पहिले दोन सारखेच दिसतात, पण ब्राउझरच्या दृष्टीने ते वेगवेगळे शब्द. सिलेक्ट-टू युरोपीय अक्षरांवरचे स्वरचिन्ह काढून टाकून जुळवणी करतं, पण देवनागरीसाठी त्याच्याकडे असलं काही नाही.

म्हणून 'मॅचर', म्हणजे जुळवणी ठरवणारं फंक्शन, स्वतः लिहिला. टाइप केलेला मजकूर आणि गावाचं नाव, दोन्ही एकाच गाळणीतून काढायचे. आधी युनिकोडचं एनएफसी रूप, म्हणजे सुटी लिहिलेली चिन्हं जोडून एकच ठरलेलं रूप, मग अदृश्य जोडचिन्हं साफ, मग ऱ चा र. तिन्ही 'कऱ्हाड' इथं एक झाले. 'कराड' मात्र गाळणीतून येत नाही, ते पर्यायी नाव म्हणून वेगळं लिहावं लागलं. पुढे ई ला इ, ऊ ला उ, ण ला न, ळ ला ल. 'फलटन', 'पाटन', 'महाबलेश्वर' असं काहीही टाका, गाव येतं. शुद्धलेखनवाल्यांना हे आवडणार नाही, पण ही गाळणी फक्त शोधासाठी आहे. पडद्यावर आणि नोंदीत नाव शुद्धच राहतं. एखादं गाव जास्तीचं दिसलं तर कोणाचं काही बिघडत नाही, हवं ते दिसलं नाही तर काम थांबतं.

प्रत्येक पर्यायाला रोमन स्पेलिंग आणि मुख्यालयाचं नावही डेटा ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या माहितीत चिकटवलं, मॅचर तिथंही बघतो. त्यामुळे इंग्रजी कीबोर्ड चालू राहिला तरी अडत नाही. तालुक्यांचे गट मात्र काढून टाकले. गट असले की मॅचरला आधी अख्खा गट मिळतो आणि आतली गावं आपणच फिरून तपासावी लागतात. तालुका नावापुढेच लिहिलाय म्हटल्यावर त्या कसरतीची गरज नव्हती.

जुन्या कॉम्प्युटरवर यादी उघडताना अडखळायची, म्हणून किमान दोन चिन्हं टाकल्याशिवाय काही दाखवायचं नाही अशी अट घातली. मराठीत ती जाचत नाही, कारण 'मा' हीच दोन चिन्हं मोजली जातात. 'नो रिझल्ट्स फाउंड'च्या जागी 'असं गाव यादीत नाही' केलं. नवीन नाव तिथंच भरायची सोय सिलेक्ट-टू देतं, ती मी मुद्दाम बंद ठेवली. नाहीतर वर्षभरात कऱ्हाडचे दहा अवतार झाले असते.

लिंग, खात्याचा प्रकार असल्या चार पर्यायांच्या याद्यांना यातलं काही लावलं नाही. तिथं साधा सिलेक्टच बरा, मोबाइलवर तर जास्तच.

वाड्यांचा प्रश्न तेवढा यातून सुटत नाही. पाटणकडचा माणूस महसुली गाव सांगत नाही, आपली वाडी सांगतो, आणि ती या यादीत नसते. त्यासाठी गावाखाली वाडी-वस्तीचा एक साधा रकाना ठेवलाय, हवं ते लिहा, तपासणी नाही. महसुली गाव कोणतं, हे ताई त्यांना सातबारा बघून विचारतात.