जपून वापरणाऱ्याला अँटीव्हायरस लागतो का?

नवीन लॅपटॉप घेतला की बिल करता करता दुकानदार विचारतोच, "अँटीव्हायरस टाकून देऊ का, तीन वर्षांचा?" आणि मग ओळखीतले लोक मला विचारतात की अरे खरंच लागतो का, आम्ही तर काही वेडंवाकडं उघडत नाही. माझं मत स्पष्ट आहे, घरचा लॅपटॉप असेल, विंडोज अपडेट होत असेल, तर विकतचा घ्यायची गरज नाहीये. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, आतच येतो आणि आताचा डिफेंडर चांगलाच तयार झालाय.

पूर्वी तसं नव्हतं. फ्लॉपीतून व्हायरस फिरायचे तेव्हा पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी क्विक हील हा अँटीव्हायरस उभा केला, ती त्या काळाची खरी गरज होती आणि आपल्या मराठी माणसांनी हे केलं याचा मला अभिमान आहे. पुढे विंडोज एक्सपीच्या जमान्यात पेनड्राइव्ह आले. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलं की पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाचे एक-दोन केबीचे शॉर्टकट, मग कमांड प्रॉम्प्ट उघडून लपवलेल्या फाइल परत दाखवणारी ॲट्रिबची कमांड मारायची तेव्हा कुठे प्रोजेक्टची फाइल दिसायची. झेरॉक्सवाल्याला, सायबर कॅफेवाल्याला, जिथे दिवसभर दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात तिथे मी आजही म्हणेन की चांगला अँटीव्हायरस घ्या.

पण "मी जपून वापरतो, मला काहीच नको" म्हणून डिफेंडरसुद्धा बंद करून बसणारे जे आहेत ना, त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला तेव्हा कोणी काही क्लिक करायची गरजच नव्हती, नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात तो आपोआप घुसत होता, आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, १४ मार्चलाच दिलेला होता, म्हणजे अपडेट टाकायला जवळजवळ दोन महिने होते. त्याच वर्षी कॉम्प्युटर साफ करायच्या सीसीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच मालवेअर निघाला. ज्यांनी बरोब्बर कंपनीच्या साइटवरून घेतला, त्यांनी अजून काय जपायचं होतं सांगा?

आणि क्रॅक. कुठलंही क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स फोडून फुकट केलेलं सॉफ्टवेअर घ्या, सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये पहिली सूचना हीच, "आधी अँटीव्हायरस बंद करा". लोक निमूटपणे बंद करतात, वर ॲडमिनची परवानगीही देतात. अहो, चोरच सांगतोय कुलूप काढून ठेवा म्हणून! असं करणाऱ्याला तीन वर्षांचा काय, दहा वर्षांचा अँटीव्हायरस दिला तरी उपयोग नाही.

फुकटचे दुसरे अँटीव्हायरस टाकावेत का, तर तेही नको. अवास्टने आपल्याच वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा डेटा जंपशॉट नावाच्या कंपनीमार्फत विकला, २०२० मध्ये ते उघड झालं आणि २०२४ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेने त्यांच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आणली. हे वाचल्यावर मला खरंच राग आला होता, कारण लोक सुरक्षेसाठी विश्वासाने टाकतात हो हे.

अँटीव्हायरसच्या पैशात थोडी भर घालून एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, फोटो आणि कागदपत्रं त्यावर कॉपी करा आणि काम झालं की ती काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर ११ वर जा.

बाकी हल्ली पैसे जातात ते बहुतेक फोनवरून. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल येते, आईबाबांना वाटतं कोणाचं तरी आमंत्रण आलंय. लॅपटॉपवरचा अँटीव्हायरस तिथे काय करणार? घरातल्या मोठ्यांना शेजारी बसून दाखवा की पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती कधी इन्स्टॉल करावी लागत नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. लॅपटॉपवर मात्र एक सेटिंग आजच करा, फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन्स चालू करा, म्हणजे बिल म्हणून आलेल्या पीडीएफच्या नावामागे ईएक्सई (म्हणजे चालणारा प्रोग्राम) लपलेलं असेल तर ते डबलक्लिक करायच्या आधीच दिसेल.