अल्बुस, अल्बा, अल्बुम

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, त्यासोबत "शाळेविषयी काहीही लिहा" असा समितीचा निरोपही. काहीही म्हटलं तरी मी सरांविषयीच लिहिणार. स्नेहसंमेलन, खो-खोची ढाल, दहावीचे निकाल यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत भरणारा सरांचा लॅटिनचा तास मात्र कुणाच्या लेखात येईल असं वाटत नाही. त्याला ना गुण होते, ना प्रमाणपत्र.

सर शिकवायचे जीवशास्त्र, पण त्यांचं लॅटिन गोव्यातल्या राशोलच्या सेमिनरीतलं, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयातलं, पक्कं. त्यांनी सुरुवात केली ती रंगांपासून. कारण सरळ होतं: वनस्पतींच्या नावांत रंग पदोपदी भेटतात, आणि रंगाचं विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणजे व्याकरणही त्याच्याबरोबर आपोआप येतं.

पद्धत अशी. रंगाचा शब्द एकटा कधीच लिहायचा नाही. वहीचं पान उभं दुमडून डावीकडे नाम, उजवीकडे रंग, आणि प्रत्येक रंगाला तीन ओळी: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. कोर्वुस निगेर, वाक्का निग्रा, पिपेर निग्रुम. शेजारी मराठी: काळा कावळा, काळी गाय, काळं मिरं. तिन्ही लिंगं जशीच्या तशी जुळतात. मग एक्वुस अल्बुस, मोरुस अल्बा, सांतालुम अल्बुम: पांढरा घोडा, पांढरी तुती, पांढरं चंदन. अशी जोडपी सरांनी शोधून काढली होती. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला विशेषण बदलतं हेच आधी पटवावं लागतं. आपल्याला ते बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक असतं.

घोळ होतो तो 'लाल'पाशी. मराठीत लाल घोडा, लाल गाय, लाल फूल. शब्द हलत नाही. त्यामुळे मुलं लालचा लॅटिन शब्द रुबेर सगळीकडे तसाच ठेवतात, किंवा बदललंच तर 'रुबेरा' करतात. रुबेर, निगेर, आतेर यांच्यातला 'ए' पुढच्या रूपांत गळतो: रुब्रा, रुब्रुम. 'मिसेर', म्हणजे दुःखी, याच्यात मात्र तो टिकतो: मिसेरा. कुठे गळतो आणि कुठे टिकतो हे पुल्लिंगी रूपावरून कळत नाही, म्हणून सर शब्द स्त्रीलिंगी रूपासकट पाठ करायला लावत. विरिदिस, म्हणजे हिरवा, याची तऱ्हा आणखी वेगळी: पुल्लिंग-स्त्रीलिंगाला एकच विरिदिस, नपुंसकाला विरिदे. रामुस विरिदिस, हेर्बा विरिदिस, ग्रामेन विरिदे.

बोलताना सर सेमिनरीतला उच्चार करत. निगेरला 'निजेर' म्हणत, निग्राला मात्र निग्राच, कारण चर्चच्या लॅटिनमध्ये इ-ए पुढे आले तरच ग मऊ होतो. निळ्याला ते 'चेरुलेउस' म्हणत, पण वहीत सिसेरोच्या काळचा 'काएरुलेउस' लिहायला लावत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना खपत नसे. लूतेउस दीर्घ असेल तर पिवळा, अंड्याच्या बलकासारखा. लुतेउस ऱ्हस्व असेल तर चिखलाने माखलेला. रोमन लिपीत वर आडवी रेघ दिली नाही तर दोन्ही सारखेच दिसतात. देवनागरीत ही सोय आयतीच आहे, हे सर दर वर्षी खुशीत सांगत.

तुतीच्या पाटीचा किस्सा त्या काळच्या सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितोच. आवारातल्या झाडांना पाट्या लावायच्या होत्या. सरांनी कागदावर 'मोरुस अल्बा' लिहून दिलं. पेंटरला ते जुळत नाहीसं वाटलं आणि त्याने स्वतःच्या डोक्याने 'मोरुस अल्बुस' रंगवलं. सर रागावले नाहीत. ब्लेडने शेवटची दोन रोमन अक्षरं खरवडून त्यांनी बारीक कुंचल्याने एक रोमन 'a' काढला आणि त्या पेंटरलाच उभ्या उभ्या नियम सांगितला: लॅटिनमध्ये झाडांची नावं, शेवटी 'उस' असला तरी, बहुधा स्त्रीलिंगी. म्हणून पोपुलुस अल्बा, क्वेर्कुस रुब्रा, पिनुस निग्रा. अपवाद मेपलचा: आकेर नपुंसक, म्हणून आकेर रुब्रुम. पेंटरने विचारलं, फळं तर काळी आहेत, मग झाड पांढरं कसं? सर प्रश्नावर खूश झाले. पांढऱ्या तुतीची फळं पांढरीपासून काळ्या-जांभळ्यापर्यंत कशीही असतात, आणि मोरुस निग्रा ही जात निराळीच. नावातल्या रंगावरून झाड ओळखायला जाऊ नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. खरवडल्याचा डाग पाटीवर शेवटपर्यंत होता.

आठवी-नववीच्या मुलांना ते रोमन कवी व्हर्जिलची एकच ओळ देत: 'आल्बा लिगुस्त्रा कादुंत, वाक्कीनिया निग्रा लेगुंतुर.' पांढरी लिगुस्त्रं, म्हणजे एका झुडपाची फुलं, गळून जातात, काळी वाक्कीनिया मात्र खुडली जातात. इथे आल्बा पाहून सगळे स्त्रीलिंगी एकवचन म्हणून मोकळे होतात. ते आहे नपुंसकलिंगी अनेकवचन. सर फळ्यावर फक्त दोन गोष्टी लिहीत: पांढरी गाय, पांढरी फुलं. पुढे काही समजावावं लागत नसे.

अर्थांच्या बाबतीत ते शब्दकोशावर विसंबत नसत. साधा पांढरा तो अल्बुस, झळाळणारा तो कान्दिदुस. निवडणुकीला उभा राहणारा रोमन माणूस खडूने उजळलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, घालायचा तो कान्दिदा. तसंच काळ्याचं: आतेर निस्तेज, निगेर चकचकीत. काएरुलेउस आकाशाला, समुद्राला आणि व्हर्जिलच्या पावसाळी ढगालाही लागतो. सर त्याला 'घननीळ' म्हणत, आणि याहून नेमका प्रतिशब्द मला आजवर सापडलेला नाही. पुर्पुरेउस हा समुद्री गोगलगायीपासून मिळणाऱ्या रंगाचा. रोमन लेखक प्लिनी सांगतो की उत्तम प्रतीचा रंग साकळलेल्या रक्तासारखा, समोरून काळपट आणि उजेडात धरला की चमकणारा. रोमन कवी होरेसने हंसांनाही पुर्पुरेउस म्हटलंय, म्हणजे तिथे नुसती झळाळी. 'जांभळा' लिहिलं की सर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढत.

तपकिरीला लॅटिनमध्ये एक ठरलेला शब्द नाही. घोड्याला बादिउस, सावळ्या कशालाही फुस्कुस. रोममधल्या रथांच्या शर्यतीतले चार संघ पांढरा, लाल, हिरवा, निळा असे. सम्राट डोमिशियनने सोनेरी आणि जांभळा असे आणखी दोन काढले, ते टिकले नाहीत. पण हिरव्या संघाचं नाव प्रासिना आणि निळ्याचं वेनेता. विरिदिस नि काएरुलेउस तिथे नाहीतच. सरांना पोर्तुगीज येत असल्याने पुढची वाटही ते दाखवत: विरिदिसचा वेर्दे झाला, निगेरचा नेग्रु झाला, अल्बुस 'आल्वु' होऊन मागे पडला आणि पांढऱ्याला जर्मानिक भाषांतून आलेला 'ब्रांकु' बसला.

आज उद्यानांच्या आणि रोपवाटिकांच्या याद्या तपासायला माझ्याकडे येतात, त्या या तासाच्या जोरावर. सरांचा रंगांचा तक्ता नव्या इमारतीत सामान हलवताना कुठे गेला कुणास ठाऊक. तुतीच्या जागी आता दुचाकी लागतात. संगणक कक्ष झाला, छान झालं. पण शनिवारचा तो तास बंद पडू द्यायला नको होता, हे मी समितीला तोंडावर सांगणार आहे.

महोत्सवानिमित्त झाडांना नव्या पाट्या लागणार आहेत असं कळलं. यादी पेंटरकडे जाण्यापूर्वी एवढं बघा: चाकवताचं केनोपोडियुम अल्बुम, चाफ्याचं प्लुमेरिया रुब्रा, उन्हाळीचं तेफ्रोसिया पुर्पुरेआ. शिरीषाच्या आल्बिझियाला 'सुधारू' नका, ते आल्बिझ्झी या इटालियन घराण्याचं नाव आहे, त्यात पांढरं काही नाही. निर्गुडीच्या नेगुंडोतही निगेर नाही. ते नाव आपल्याकडूनच तिकडे गेलेलं आहे.