पालमातोरीने अवयव निकामी होत नाही

परवा फोंड्याला चहा घेताना वाद झाला. शेजारच्या वाड्यावरच्या देवळातली फंडपेटी फोडली, संशयावरून एक पोरगा उचललाय, आणि टेबलावर सगळ्यांचं एकच, थर्ड डिग्री दिल्याशिवाय तो तोंड उघडायचा नाही. मी म्हटलं काका, हा छळ झाला. तर म्हणाले, "छळ कसला रे, दोन दांडे खाऊन कोण मरत नाही."

मरत नाही म्हणजे छळ नाही, हे वाक्य आधी कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं, घरी पोचल्यावर आठवलं. 1 ऑगस्ट 2002 ला अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या वकिलांनी मेमो लिहिला त्यात हेच आहे, फक्त कायद्याच्या भाषेत. शारीरिक वेदना छळ ठरायची तर ती अवयव निकामी होताना किंवा जीव जाताना होते तेवढी तीव्र पाहिजे. त्याच्या खालचं सगळं 'कठोर चौकशी'. मग अल कायदाचा म्हणून पकडलेल्या अबू झुबैदाला सीआयएने फळीला बांधून तोंडावरच्या फडक्यावर पाणी ओतलं, एका महिन्यात 83 वेळा. 9/11 च्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणतात त्या खालिद शेख मोहम्मदला 183 वेळा. एकदा ओतून माणूस खरं बोलत असेल तर 183 वेळा कशाला लागतं हो? 2014 मध्ये त्यांच्याच सिनेटच्या समितीने सांगितलं की या पद्धतींचा उपयोग झाला नाही, माराखाली कैद्यांनी खोटी माहितीपण दिली.

आमच्या आजोबांना गोवामुक्तीच्या 1955 च्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांनी पकडलं होतं, पालमातोरीने मारलं. पालमातोर म्हणजे काय ते नव्या पोरांना माहीत नसेल, जाड लाकडी पळीसारखी असते, भोकं पाडलेली, तळहातावर मारतात. त्या मेमोच्या मापाने बघायचं तर आजोबांना काहीच झालं नाही, कुठला अवयव निकामी झाला नाही, 81 वर्षं जगले. फक्त उजव्या हाताची मूठ वळायची नाही, हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी-भात, कायम चमच्याने खायचे, लग्नाच्या पंगतीत तर बसायचेच नाहीत.

मारलं त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, नंतर नंतर पोलीस जे नाव घेत त्याला मी हो म्हणत गेलो, त्यातल्या दोघांना तर मी ओळखतसुद्धा नव्हतो.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्याकडे कोर्टात पुरावा धरत नाहीत तो याच्यासाठीच. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने संमतीशिवाय नार्को टेस्टसुद्धा नाही म्हणून सांगितलं. पण छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली ती केलीच, मान्यता अजून दिलेली नाही, 2010 चं विधेयक लोकसभेत पास होऊन पुढे बारगळलं, वेगळा कायदा आजपर्यंत नाही. मला याचा खरंच राग येतो.

काल काकांना आजोबांची ती गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प बसले, मग विचारलं, "त्या दोघांचं काय झालं मग?"

आजोबांनी ते कधी सांगितलं नाही.